मशीनसाठी सिम निवडताना आधी जागा बघा

दूध संस्थांच्या बल्क कूलरवर (गावात गोळा केलेलं दूध थंड ठेवायची टाकी) टेम्परेचर मॉनिटरिंग लावायचंय, एनबी-आयओटी (छोट्या यंत्रांसाठीचं हळू मोबाईल नेटवर्क) घेऊ का ४जी, का अजून २जीच बरं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो की डिव्हाइसला लाईट मिळणार का ते बॅटरीवर चालणार, ते एका जागी बसणार का गाडीवर फिरणार, आणि त्याच्याकडून नुसतं ऐकायचंय का त्याला हुकूम पण द्यायचाय. लोक मॉड्यूलची, म्हणजे डिव्हाइसमधल्या मॉडेमची, किंमत आणि डेटाशीट घेऊन येतात आणि साईटबद्दल विचारलं की गप्प होतात, पण निर्णय बराचसा या तीन उत्तरांतच होऊन जातो.

बल्क कूलरचं उदाहरण धरूनच लिहितो कारण सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यात मी जास्त काम त्याचंच केलंय. संकलनाला येणारं दूध कोमट असतं, ते ४ डिग्रीला आणायचं आणि टँकर येईपर्यंत तिथंच धरून ठेवायचं, आता रात्री लाईट गेली आणि जनरेटर उचललाच नाही, किंवा कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि कुणाला कळलंच नाही, तर सकाळी आख्खी टाकी नासलेली आणि तो पैसा गावातल्या घराघरांचा असतो. म्हणजे इथं स्पीडचा काही उपयोग नाही, रात्री दोन वाजता एक छोटा मेसेज पोचला पाहिजे एवढीच गरज आहे, आणि ती गरज डोक्यात ठेवून बाकी सगळं ठरवायचं.

आधी डेटाचा हिशोब कागदावर करा

हे कुणी करत नाही आणि मग बिल आल्यावर पळापळ होते. समजा दर ५ मिनिटांनी १०० बाइटचा मेसेज जातो, दिवसाला २८८ मेसेज झाले. कनेक्शन उघडं ठेवून एमक्यूटीटीवर (छोटे मेसेज सर्व्हरला पाठवायची पद्धत) पाठवलं तर टीसीपी आणि टीएलएसचं, म्हणजे मेसेज नीट आणि सुरक्षित पोचवायचं, ओझं धरून मेसेजमागे अंदाजे २५० बाइट पडतात, दिवसाला ७२ केबी, महिन्याला सव्वादोन एमबीच्या आसपास, मधले पिंग धरून ३ एमबी म्हणा. तेच डिव्हाइस दरवेळी नवं कनेक्शन करून पूर्ण हँडशेक (सर्व्हरशी पहिल्यापासून ओळख पटवणं) करायला लागलं तर प्रत्येक वेळी ५-६ केबी जातात आणि महिना ४५-५० एमबीला जातो, मेसेज तोच आणि फरक फक्त फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) कसं लिहिलंय त्याचा. म्हणून प्लॅन घेण्याआधी फर्मवेअर लिहिणाऱ्याशी बसा. आणि ५ मिनिटांनी खरंच पाहिजे का तेही बघा, टाकीभर दूध पाच मिनिटांत तापत नाही, १५ मिनिटांनी रिपोर्ट आणि लिमिट ओलांडली की लगेच अलर्ट, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

यातच फर्मवेअर अपडेट पण धरा. ३०० केबीची फाईल एनबी-आयओटीसारख्या हळू नेटवर्कवर २० केबीपीएसने (सेकंदाला २० किलोबिट, आठ बिटांचा एक बाइट) उतरवायची तर सगळं सुरळीत चाललं तरी दोन मिनिटं लागतात आणि रेंज खराब असेल तर कितीतरी जास्त, ४जीवर तेच काम काही सेकंदात होतं. डिव्हाइस पाच-सात वर्षं राहणार असेल तर अपडेट लागणारच, आणि प्रत्येक साईटला माणूस पाठवणं परवडत नाही.

२जी, कॅट १ आणि बाकीचे

आपल्याकडे एक गंमतीशीर गोष्ट झाली, ३जी आधी गेलं आणि २जी अजून आहे. एअरटेलने २०२० मध्ये ३जी आवरलं पण २जी चालू ठेवलं, व्हीआयचंही २जी आहे, जिओकडे मात्र २जी कधी नव्हतंच, २०१६ ला सुरू झाल्यापासून फक्त ४जी आणि आता ५जी. म्हणजे २जीचं डिव्हाइस घेतलं की एक मोठा ऑपरेटर त्याच दिवशी तुमच्या हातातून गेला. वर जिओने २०२४ च्या सुरवातीला ट्रायपुढे (दूरसंचार नियामक) मांडलेलंच आहे की २जी-३जी पूर्ण बंद करायचं धोरण आणा. अमेरिकेत एटीअँडटीने २जी २०१६ च्या शेवटच्या दिवशी बंद केलं आणि त्यावरची डिव्हाइसं मुकी झाली, त्यामुळे आज नवीन डिव्हाइस फक्त २जीवर काढायला मी कुणालाच सांगत नाही, कितीही स्वस्त मिळू दे. २जीचा अजून एक त्रास म्हणजे मॉड्यूल ट्रान्समिट करताना क्षणभर २ अँपियरपर्यंत करंट ओढतं, पॉवर सप्लाय किंवा वायरिंग हलकं असलं की व्होल्टेज पडतं आणि डिव्हाइस स्वतःच रिसेट होतं, मग माणूस दोन दिवस सिम बदलत बसतो आणि दोष असतो कपॅसिटरचा.

बल्क कूलर, कोल्ड स्टोरेज, जनरेटर, सोलर पंप, लिफ्ट अशा लाईटवर चालणाऱ्या आणि दिवसाला थोडंच बोलणाऱ्या गोष्टींसाठी माझं पहिलं उत्तर कॅट १ बिस. कॅट १ म्हणजे साधं ४जीच, फक्त हळू, १० एमबीपीएस डाऊनलोड आणि ५ अपलोड. मूळ कॅट १ रिलीज ८ (मोबाईल स्टँडर्डची आवृत्ती) पासून आहे पण त्याला दोन अँटेना लागायच्या, पुढे रिलीज १३ मध्ये एका अँटेनावर चालणारं रूप आलं ते कॅट १ बिस, त्यामुळे मॉड्यूल लहान झालं आणि स्वस्तही. सगळ्यात मोठा फायदा हा की टॉवरवर वेगळं काही चालू करावं लागत नाही, जिथं तुमच्या फोनला ४जी मिळतं तिथं हे पण चालतं. एक अँटेना गेली म्हणजे रिसेप्शन फोनपेक्षा थोडं कमी पडतं, साधारण ३ डीबी म्हणजे निम्मं, हे लक्षात ठेवा, खाली परत येतो त्यावर.

मॉड्यूल घेताना बँड (ते कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्या पकडतं) बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं म्हणजे बँड ५, ३ आणि ४०, एअरटेल आणि व्हीआयसाठी ८, ३ आणि १ पाहिजेतच, आणि बीएसएनएलचं नवीन ४जी ७०० आणि २१०० वर आहे म्हणजे २८ आणि १. बाहेरून युरोपसाठीचं व्हेरिएंट स्वस्तात मिळालं म्हणून आणलं की त्यात बँड ५ आणि ४० बहुतेक नसतात, पुण्यात टेबलावर ते बँड ३ पकडून झक्कास चालतं आणि शिराळ्याच्या किंवा राधानगरीच्या खोऱ्यात गेलं की गप्प, कारण तिथं लांबून पोचतो तो ८५० चा सिग्नल, १८०० चा नाही. मी हे टेबलावर पास आणि गावात फेल झालेलं स्वतः बघितलंय, पूर्ण लॉट बदलावा लागलेला.

एनबी-आयओटीबद्दल लोकांची समजूत अशी असते की नाव आयओटी आहे म्हणजे आयओटीला हेच घ्यायचं. तसं नाही. ते खास बॅटरीवर चालणाऱ्या, एका जागी गाडलेल्या आणि क्वचित बोलणाऱ्या गोष्टीसाठी आहे, पाण्याचा मीटर, गॅस मीटर, बोअरची पातळी असलं. १८० किलोहर्ट्झच्या बारीक पट्टीत चालतं आणि एकच गोष्ट परत परत पाठवून जुन्या जीपीआरएसपेक्षा (२जीवरचा डेटा) २० डीबी जास्त आत शिरतं, म्हणून तळघरातला मीटर पण बोलतो. आपल्याकडे वापर आहे, बिहारमध्ये १३ लाख घरांच्या स्मार्ट मीटरसाठी एअरटेल आणि सिक्युअर मीटर्सने २०२२ मध्ये हेच जाहीर केलं, आणि त्यात सुद्धा २जी-४जीचा आधार ठेवलेला, यावरूनच समजून घ्या. फक्त एनबी-आयओटीवर विसंबायचं असेल तर ऑपरेटरकडून तुमच्या पिनकोडचं नाही, तुमच्या साईटचं लेखी कव्हरेज घ्या.

बॅटरीचं गणितही फसवं आहे. डिव्हाइस पॉवर सेव्हिंग मोडमध्ये काही मायक्रोअँपियरवर झोपतं, १९ अँपियर-अवरचा लिथियम थायोनिल सेल घातला की कागदावर दहा वर्षं सहज निघतात. पण रेंज कडेची असेल तर तोच मेसेज वर शंभरावर वेळा रिपीट होऊ शकतो आणि प्रत्येक वेळी बॅटरी जाते, म्हणजे दहा वर्षांचा आकडा चांगल्या रेंजचा असतो आणि तुम्ही एनबी-आयओटी घेतलेलं असतं खराब रेंजसाठी. शिवाय झोपलेल्या डिव्हाइसला वरून हाक मारता येत नाही, ते उठेल तेव्हाच निरोप घेईल. त्यामुळे वॉल्व्ह बंद करायचा, मोटर चालू करायची असलं काम असेल तर ही तंत्रपद्धत सोडा. गाडीवर पण नको, बोलता बोलता एका टॉवरवरून दुसऱ्यावर जायची सोय मूळ एनबी-आयओटीत नाही.

एलटीई-एम म्हणून अजून एक प्रकार आहे, १ एमबीपीएस, हलत्या वस्तूला चालतो, आवाज पण जातो, अमेरिकेत चांगला चालतो. पण आपल्याकडे त्यावर धंदा उभा करावा असं जाळं नाही. निर्यातीचा माल करत असाल तर जरूर बघा, इथल्यासाठी त्यात वेळ घालवू नका.

रेडकॅप म्हणजे ५जीचं मशीनसाठी हलकं केलेलं रूप, रिलीज १७ मधलं, त्याला स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणारं) ५जी लागतं, चाकणच्या एखाद्या कारखान्यात स्वतःचं प्रायव्हेट नेटवर्क करून कॅमेरे आणि फिरत्या ट्रॉल्या जोडायच्या असतील तर विचार करण्यासारखं. बल्क कूलरला नको.

कॅमेऱ्याचं विचारतात म्हणून एवढंच सांगतो, २ एमबीपीएसचा सतत स्ट्रीम म्हणजे दिवसाला २१ जीबीच्या वर, ते सिमवर चालवायचा हट्ट सोडा, रेकॉर्डिंग जागेवर ठेवा आणि घटना घडली की छोटी क्लिप पाठवा, त्याला कॅट ४ (कॅट १ पेक्षा वेगवान ४जी) मॉड्यूल पुरतं.

आणि एकाच आवारात दहाबारा सेन्सर असतील, तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला असतात तसे, तर प्रत्येक खोलीत सिम घालू नका. खोल्यांची भिंत म्हणजे पत्रा-पफ-पत्रा (दोन पत्र्यांत थंडी धरणारा फोम), आत रेंज येतच नाही. आत लोरा (सिमशिवाय चालणारा लांब पल्ल्याचा रेडिओ) किंवा साधी आरएस-४८५ वायर वापरा, लोराच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे लायसन लागत नाही, आणि बाहेर एकच गेटवे (सगळ्या सेन्सरचं ऐकून सिमवरून पुढे पाठवणारा डबा) चांगल्या अँटेनासकट बसवा. एक सिम, एक बिल, आणि बिघडलं तर बघायची एकच जागा.

साईटवर जाऊन मोजा

"दादा, मोबाईलला फुल रेंज आहे की," हे प्रत्येक केंद्रावर ऐकायला मिळतं. मोबाईलच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. फोनला दोन-चार अँटेना असतात, तो दोन-तीन बँड एकत्र जोडतो, आणि तो असतो माणसाच्या हातात दारात. तुमचं डिव्हाइस असणार एका अँटेनावर, लोखंडी पॅनेलमध्ये, स्टार्टरच्या शेजारी. म्हणून जे मॉड्यूल बसवणार तेच, जी अँटेना लावणार तीच, ज्या जागी बसणार तिथंच ठेवून मोजायचं. आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) बघा, उणे ९५ डीबीएमपेक्षा बरं असेल तर निवांत, उणे १०५ च्या खाली गेलं की बाहेर अँटेना काढा, उणे ११५ ला मी ते सिम तिथं लावतच नाही, ऑपरेटर बदलतो. नुसता सीएसक्यूचा (मॉडेम सांगतं तो रेंजचा आकडा) आकडा बघणाऱ्यांसाठी, आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा करा म्हणजे डीबीएम निघतो, १० आलं तर उणे ९३. पण तो एकूण आवाज आहे, त्यात शेजारच्या टॉवरचा गोंगाट पण धरलेला असतो, म्हणून सिग्नल-नॉइजचा आकडा सोबत बघाच, रेंज दिसते आणि डेटा जात नाही ही तक्रार तिथंच सुटते.

पाच मिनिटं मोजून निघू नका, २४ तास लॉगर ठेवून या. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव मोबाईलवर असतं आणि टॉवर भरलेला असतो. आणि मुख्य म्हणजे लाईट गेल्यावर काय होतं ते बघा. गावची लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, ती बॅटरी जुनी असेल तर काही वेळाने टॉवरच बंद, म्हणजे ज्या वेळी तुमचा मेसेज सगळ्यात गरजेचा त्याच वेळी रेंज नाही. यावर मी तीन गोष्टी नेहमी करतो. डिव्हाइसला स्वतःची छोटी बॅटरी देतो आणि लाईट गेल्याचा मेसेज पहिल्या मिनिटातच काढतो, टॉवर जिवंत असेपर्यंत. रेंज नसताना रीडिंग मेमरीत साठवतो आणि आली की तारीखवेळेसकट पाठवतो, म्हणजे दूध किती वेळ गरम होतं ते नंतर तरी कळतं. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, सर्व्हरला सांगून ठेवतो की एखादं डिव्हाइस वीस मिनिटं बोललं नाही तर ते गप्प असणं हाच अलर्ट समजून संस्थेच्या सेक्रेटरींना फोन कर. हे तिसरं न करणारे खूप आहेत, त्यांच्या स्क्रीनवर शेवटचं ४ डिग्री रात्रभर हिरवं दिसत राहतं आणि टाकीत दूध फाटलेलं असतं. माझ्या अगदी सुरवातीच्या एका साईटवर हेच झालं, त्या संस्थेचं नुकसान मला आजही टोचतं, तेव्हापासून हा नियम मोडलेला नाही.

लाईट परत आली की आख्ख्या फीडरवरची डिव्हाइसं एकदम उठून कनेक्ट व्हायला जातात, प्रत्येकाला सुरू होताना वेगवेगळा उशीर ठेवा, शून्य ते तीन मिनिटांत कुठंही. आणि कनेक्शन मिळालं नाही तर लगेच लगेच प्रयत्न करत राहू नका, थांबण्याचा वेळ वाढवत न्या. मॉडेम हँग झालं तर नुसती रिसेट कमांड पुरत नाही, त्याची पॉवरच तोडून जोडता आली पाहिजे, तेवढा एक स्विच बोर्डवर ठेवा.

मिस्ड कॉलवाले स्टार्टर

शेतीपंपाच्या मोबाईल ऑटोबद्दल (फोनवरून चालणारे स्टार्टर) वेगळं लिहावं लागेल कारण तिथं लोक अडकतात. शेतकऱ्याला ॲप नको असतं, मिस्ड कॉल दिला की मोटर चालू आणि परत दिला की बंद, ही सवय २जीवर लागलेली. तुम्ही तेच डिव्हाइस ४जीवर नेताना कॅट १ मॉड्यूल घेता आणि कॉलच लागत नाही, कारण ४जीवर कॉल म्हणजे व्होल्टी (डेटावरून जाणारा आवाज), आणि बरीच स्वस्त मॉड्यूल फक्त डेटावाली असतात. ऑर्डरआधी विचारा की व्होल्टी आहे का आणि तुमच्या ऑपरेटरच्या नेटवर्कवर ते चालवून बघितलंय का. स्वतः चालवून बघा. वर एमटूएम (मशीन-टू-मशीन, खास मशीनसाठीचं) सिम घेतलं तर त्यावर कॉल-एसएमएस आधी ठरवून दिलेल्या नंबरांपुरतेच चालतात, शेतकऱ्याने नंबर बदलला किंवा मुलाच्या फोनवरून कॉल दिला की मोटर हलत नाही, तर तो नंबर बदलायची सोय तुमच्या पोर्टलवर पाहिजे.

सिम कुणाच्या नावावर

बरेच जण सुरवातीला दुकानातून साधं सिम आणून डिव्हाइसमध्ये घालतात, मालकाच्या आधारवर. एका माणसाच्या नावावर ९ पेक्षा जास्त कनेक्शन चालत नाहीत, रिचार्ज संपला की डिव्हाइस गप्प, आणि मालक बदलला की सिम कुणाचं हा वाद. थोडी डिव्हाइस टेस्टला ठीक, त्यापुढे कंपनीच्या नावावर एमटूएम सिमच घ्या. त्याचा नंबर १३ आकडी असतो, दूरसंचार विभागाने २०१८ पासून तसं केलंय, तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबरचा रकाना १० आकडी असेल तर आधी तो मोठा करा. दुसऱ्यांना मॉनिटरिंगची सेवा विकणार असाल तर फेब्रुवारी २०२२ च्या नियमांप्रमाणे एमटूएम सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून सरल संचार पोर्टलवर नोंदणी लागते, हे ऑपरेटरचा सेल्सवाला कधीकधी सांगत नाही. डिव्हाइसला टीईसीचं एमटीसीटीई सर्टिफिकेट (दूरसंचार उपकरणांची सरकारी तपासणी) लागतं का तेही आधीच तपासा, माल तयार झाल्यावर नको. आणि सर्व्हरवरून अलर्टचे एसएमएस पाठवणार असाल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी व्यवस्था) हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि टेम्प्लेट म्हणजे मजकूर मंजूर करून घ्यायला वेळ लागतो, तो प्लॅनमध्ये धरा.

प्रवासी गाडी असेल तर तिथं निवड तुमच्या हातात फारशी नाही, प्रवासी वाहनांना एआयएस-१४० (गाडीवरच्या ट्रॅकरचं स्टँडर्ड) लागू आहे, त्यात दोन ऑपरेटरचं प्रोफाइल असलेलं एम्बेडेड (बोर्डवरच बसवलेलं) सिमच लागतं. मला विचाराल तर एका जागी बसणाऱ्या डिव्हाइसलाही तेच घ्यावं, निदान जिथं जायला दोन तास घाट चढावा लागतो तिथं तरी. बोर्डवर सोल्डर केलेलं सिम ओल आणि थरथरीला टिकतं, कूलरच्या खोलीत सतत दमट असतं आणि ट्रेमधल्या सिमचे पॉइंट काळे पडतात. फक्त सोल्डर केलंत म्हणजे ऑपरेटर बदलायची वाट आधीच ठेवायला पाहिजे, प्रोफाइल वरून बदलता येतं का, कोण बदलणार, त्याचे पैसे किती, हे करारात लिहून घ्या. जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं एसजीपी.३२ हे २०२३ मधलं नवं स्टँडर्ड याच कामासाठी आहे, नवीन डिझाइन करत असाल तर सिमवाल्याला त्याबद्दल विचारा. करारात अजून दोन गोष्टी बघा, सगळ्या सिमचा डेटा एका पूलमध्ये वापरता येतो का, आणि सीझन नसताना सिम काही महिने झोपवून ठेवता येतात का, साखर कारखाना आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांचं निम्मं वर्ष यातच वाचतं.

ऑर्डर देण्याआधी दहा डिव्हाइस लावा, आणि ती सोयीच्या जागी नको. तुमच्या यादीतली सगळ्यात वाईट दहा गावं निवडा, डोंगराच्या आडची, लाईट सारखी जाणारी, पत्र्याच्या खोलीतली. प्रत्येक ठिकाणी दोन ऑपरेटरची सिम आलटून पालटून चालवा, निदान एक महिना, आणि जमलं तर तो महिना जुलैचा धरा.